फळ्यावरची सातवी ओळ

विमान उडवणाऱ्या माणसाचा फळा पुसून त्यावर सुविचार लिहिणारा मास्तर आमच्या भंडारा जिल्ह्यात माझ्याआधी झाला नसावा, आणि माझ्यानंतर झाल्याचंही ऐकिवात नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. लाखांदूरच्या बाजूला धान लोंबीवर यायच्या बेतात होता आणि त्यावर तुडतुडे पडले. बांध्याच्या बांध्या (धानाच्या खाचरांना आमच्याकडे बांध्या म्हणतात) जळाल्यासारख्या तांबूस दिसायला लागल्या, तेव्हा सरकारनं औषध फवारायला एक लहानसं विमान पाठवलं. गुरं चरायच्या पडीत जागेवर रोलर फिरवून धावपट्टी केली, शेजारी तंबू ठोकला. तंबूत वैमानिकाला रोजच्या सूचना लिहायला फळा पाहिजे होता. फळा आमच्या शाळेचा गेला, आणि फळ्यासोबत मीही गेलो. माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यातला हा एकच गुण, आणि जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत त्यानंच मला जागोजागी अडकवलं आहे.

काम सोपं होतं. वैमानिकांसाठीच्या सूचना नागपूरहून टेलिफोननं लाखांदूरला यायच्या. तिथला बाबू त्या कागदावर उतरवून घ्यायचा, चपराशी तो कागद सायकलवर घेऊन यायचा आणि मी तो फळ्यावर लिहायचा. कुठं धावपट्टी बंद आहे, कुठं नवी तार ओढली आहे, कुठं सुरुंग लावणार आहेत, असल्या गोष्टी.

पहिल्या दिवशी मी तांबडं फुटतानाच तंबूत पोचलो. फळा लिहिलेला होता. वैमानिक साहेब आदल्या संध्याकाळी आले होते आणि त्यांनी स्वतःच्या हातानं सहा ओळी खरडल्या होत्या. आता, सकाळी वर्गात शिरल्यावर कालचा फळा पाहून मास्तराचा हात कुठं जातो? फडक्याकडे. मी फळा लख्ख पुसला. वर तारीख घातली, वार घातला. उजव्या कोपऱ्यात सवयीनं 'पट : १, हजर : १' लिहिलं, कारण विमान एकच होतं आणि ते उभं होतं. मधोमध वळणदार अक्षरात सुविचार लिहिला, 'आळस हा माणसाचा शत्रू आहे.' मग दोन पावलं मागं सरून पाहिलं. बरं दिसत होतं.

साहेब तोंड पुसत आले. पन्नाशीकडे झुकलेला, बारीक अंगाचा माणूस. बोलणं पुण्याकडचं. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला.

"सुविचार चांगला आहे," ते म्हणाले. "पण गुरुजी, इथं सहा ओळी होत्या."

"त्या कालच्या होत्या, साहेब."

"हो. पण काल ओढलेल्या तारा रात्रीतून कोणी काढून नेल्या, असं काही कळलंय का?"

मी नाही म्हणालो. ते रागावले नाहीत. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि मला सहाच्या सहा ओळी पुन्हा सांगितल्या. मी लिहीत गेलो. कारध्याजवळ नदीवरून विजेच्या नव्या तारा गेल्या आहेत, खांबांना अजून रंग नाही. बपेऱ्याच्या बाजूला अमुक वेळात सुरुंग. एका गावाजवळ ढोरं टाकायची जागा आहे, तिथं गिधाडं घिरट्या घालतात. नागपूरची धावपट्टी दुपारी काही वेळ बंद. एका राइस मिलचं नवं धुराडं. आणि आमच्याच पट्टीचं पश्चिमेचं टोक ओलं आहे, चाक रुतेल.

"सूचना कोणी दिली ते पाहायचं," लिहून झाल्यावर ते म्हणाले. "त्यानं ती मागं घेतली, किंवा तिची मुदत सरली, तरच पुसायची. नाहीतर ती आहेच. शिळी वगैरे होत नाही."

त्यांची एक रीत होती आणि ती मला पहिले दोन-तीन दिवस फार गमतीची वाटली. रोज सकाळी ते फळ्यासमोर उभे राहायचे आणि मी कागदावरून एकेक ओळ मोठ्यानं वाचायची. ते फळ्यावर त्या त्या ओळीवर बोट ठेवायचे आणि स्वतःशी म्हणायचे, "आज माझ्या वाटेत आहे?" असली तर टेबलावरच्या नकाशावर पेन्सिलीनं खूण करायचे. नसली तरी ओळीपुढं बरोबरची खूण करायचेच. त्याच ओळी, तोच माणूस, तीच खूण. सत्यनारायणाच्या पूजेत भटजी पाठ असलेली पोथीही पानं उलटून वाचतो ना, तसं मला वाटायचं. ज्या दिवशी नागपूरहून काही आलं नाही, त्या दिवशी मी फळ्याला हात लावला नाही, तर तेही चाललं नाही. 'आज नवीन काही नाही' असं लिहायला लावलं, खाली वेळ टाकून.

"नाहीच आहे तर लिहायचं काय, साहेब?"

"तुम्ही विचारलंत आणि नाही असं उत्तर आलं, की तुम्ही विचारलंच नाहीत, हे मला कसं कळणार?"

मी खडू उचलला आणि लिहिलं. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, तुम्हाला कधी अपघात झाला होता काय?"

"नाही," ते म्हणाले. "व्हायला पाहिजे होता का?"

घरी हे सगळं मी तिखटमीठ लावून सांगायचो. आमचं घर तंबूपासून कोसभर. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि बायकोला माझ्या कथनातलं मीठ किती आणि तिखट किती हे एव्हाना कळायला लागलं होतं. ती म्हणाली, "शाळेत पोरं तुमाले भेते, तिथं तुमी साहेबाले भेता. झाली फिट्टंफाट."

पाचव्या दिवशी दुपारी तंबूसमोर एक म्हातारा येऊन बसला. गुडघ्यापर्यंत पंचा, खांद्यावर जाळं विणायचा दोरा. शेजारच्या गावच्या ढिवरटोलीतला, म्हणजे मासे मारणाऱ्यांच्या वस्तीतला, तो वडीलधारा माणूस. मी त्याला ओळखत होतो, त्याचा नातू माझ्या वर्गात होता. बराच वेळ तो विमानाकडे नाही, फळ्याकडेच पाहत होता.

"गुरुजी," शेवटी तो म्हणाला, "हा साहेब तुमचा फळा वाचल्याबगर उडतच नाही म्हनते, खरं काय जी?"

"खरं आहे."

"मंग आमची एक ओळ लिहाना जी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या टोलीनं यंदा पहिल्यांदाच गावच्या तलावात बोटुकली सोडली होती. एरवी तलावात जे येईल ते मारायचं, अशी पिढ्यानपिढ्याची रीत. यंदा कोणा अधिकाऱ्यानं सांगितलं म्हणून त्यांनी ही बोटाएवढी पिल्लं दुरून आणली, यस्टीत मांडीवर पाण्याचे हंडे धरून. वाटेत दर फाट्यावर खाली उतरून पाणी बदललं, कंडक्टर ओरडत राहिला. तीस घरं होती आणि सगळ्यांचं येतं वर्ष त्या तलावात पोहत होतं. उद्या विमान त्यांच्या बाजूच्या बांध्यांवर येणार होतं. औषधाचा फवारा पाण्यावर पडला, तर पिल्लं वर पांढरी होऊन तरंगायला एक दुपार पुरे.

"साहेबाले सांगतलं त त्यानं अर्ज द्या म्हनलं," म्हातारा म्हणाला. हा साहेब वेगळा, कचेरीतला. "अर्ज वाचतवरी मासा कायले थांबते?"

मी उठलो, खडू घेतला. सातवी ओळ लिहिली, 'मोठ्या तलावात मासे आहेत. कृपया औषध टाकू नये.' इतकं सुबक 'कृपया' मी त्यानंतर लिहिलं नसेन. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं ओळीच्या समोर हात नेला, लावला नाही.

संध्याकाळी साहेबांनी ती वाचली.

"मोठा तलाव म्हणजे कोणता?"

"मोठा तलाव," मी म्हणालो. आमच्याकडे त्याला दुसरं नाव नाही.

"गुरुजी, मी इथं आल्यापासून वरून तळीच तळी बघतोय. सगळी मोठीच दिसतात. आणि सध्या बांध्यांतही पाणी आहे, म्हणजे खाली बघावं तर जिकडं तिकडं आरसे. नकाशावर दाखवा."

इथं माझी खरी चूक झाली. फळ्याची चूक हसण्यावारी गेली असती. ही गेली नसती. मी वर्गात छडी हातात घेऊन महाराष्ट्राचा नकाशा वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. कोयना दाखवली होती, सह्याद्री दाखवला होता, चांदा ते बांदा सगळं दाखवलं होतं. साहेबांच्या टेबलावरचा तो रेघारेघांचा नकाशा मात्र मी जन्मात पाहिला नव्हता. त्यावर आमचा तालुका टेबलाएवढा आणि निळे ठिपके शंभर. पण साहेबांसमोर, चपराश्यासमोर आणि म्हाताऱ्यासमोर 'मला कळत नाही' असं म्हणायला जीभ उचलेना. एका गावाच्या नावाचं पहिलं अक्षर ओळखीचं वाटलं. मी त्याच्या शेजारच्या निळ्या डागावर ठामपणे बोट ठेवलं.

"नक्की?"

"नक्की."

साहेबांनी त्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला. म्हातारा समाधानानं घरी गेला. मीही गेलो, जरा छाती काढूनच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तंबूत पोचलो तर म्हातारा माझ्याआधी हजर होता. ओळ अजून आहे की नाही, हे पाहायला आला होता. "कालच्या सात होत्या, आज बी सात हायत," तो म्हणाला. त्यानं मोजल्या होत्या.

साहेब आले, वाचन सुरू झालं. तारा, सुरुंग, गिधाडं. प्रत्येक ओळीवर बोट, प्रत्येक ओळीला खूण. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"ही सूचना कोणाची?"

मी म्हाताऱ्याकडे दाखवलं. तो घाबरून उभा राहिला.

"मग खात्री त्यांच्याकडूनच केलेली बरी. नकाशा खाली अंथरा."

मला ते थोडं लागलं. मी सांगितलेलं असताना पुन्हा विचारायचं कशाला? पण नकाशा गवतावर अंथरला. साहेब उकिडवे बसले, म्हाताराही बसला. त्यानं नकाशाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"हे काय होय जी?"

"वरून जमीन अशी दिसते."

"मी त कदी वरून पाह्यलं नाही, साहेब."

"नसू दे. सकाळी जाळं टाकायला पाळीवर उभे राहता, तेव्हा ऊन कुठं लागतं?"

"पाठीवर. डोऱ्यावर ऊन घेऊन कोन जाळं फेकन?"

"म्हणजे पाळ उगवतीला. पाणी कुठून येतं तलावात?"

"जंगलाकडून. मावळतीकडून."

"आणि भरून वाहिला की?"

"सांडव्यातून नाल्याले, नाल्यातून चुलबंदले. चुलबंद मंग वैनगंगेले. तुमाले मालूमच असन."

साहेबांची पेन्सिल चुलबंद नदीवरून उलटी वर सरकत गेली. एका नाल्यात शिरली, मावळतीला जंगल आणि उगवतीला पाळ असलेल्या एका निळ्या डागापाशी थांबली. माझ्या बोटाखालचा तलाव तिथून चांगला दीड-दोन कोस दूर होता. त्याचं पाणी सरळ वैनगंगेला जात होतं आणि पाळ मावळतीला होती. त्यात बहुधा शिंगाडे असावेत.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात फक्त पुढं केला. "गुरुजी, खोडरबर आहे?"

होता. मास्तराच्या खिशात असतोच. माझ्याच खोडरबरानं त्यांनी माझा गोल पुसला.

मग त्यांनी सांगितलं, की आधी दुसऱ्या गावांवर दोन खेपा मारतो, तिसरी तुमच्या बाजूची. त्याच्या आत तलावाच्या पाळीवर मोठं पांढरं कापड पसरून ठेवा, वरून दिसेल असं. बांध्यांत उभे असलेले गडी लाल झेंडे दाखवतात, तिथं मारायचं. पांढरं दिसलं की मारायचं नाही. "नकाशावर माझा विश्वास आहे, गुरुजी," ते म्हणाले, "पण कापडावर जास्त."

तंबूत पांढरं कापड नव्हतं. ढिवरटोलीत नव्हतंच. जाळी काळी, पंचे चिखलाच्या रंगाचे, लुगडी हिरवी-तांबडी. चादर म्हणावी तर आमच्याकडेही फुलाफुलांची. मी म्हाताऱ्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि घराकडे सुटलो. मागं इंजिनाचा आवाज झाला आणि विमान पहिल्या खेपेला डोक्यावरून गेलं.

बायको अंगणात सडा टाकत होती.

"लग्नातलं धोतर दे लवकर."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी पायजम्यात होतो. "काहून जी? काय घालून राहिले ते कमी पडलं?"

"तलावावर पसरायचं आहे."

म्हाताऱ्यानं मागून सांगितलं, "बाई, मासे मरते जी आमचे." एवढ्यावर ती आत गेली, पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास येणारं ते लांबरुंद धोतर आणून दिलं.  माझ्यापेक्षा म्हाताऱ्याचं तिला पहिल्या वाक्यात कळलं.

तलावावर पोचलो तेव्हा दुसरी खेप झाली होती. पाळीवर दगड शोधू लागलो, तर वारा सुटायला लागला आणि धोतर एका टोकाकडून उडायला लागलं. मग टोलीतल्या बाया पुढं झाल्या. काठाकाठानं आठ-दहा जणी बसल्या आणि धोतर ताणून धरलं. एक म्हणाली, "गुरुजीचं धोतर होय, नीट धरा व, नाहीतर ते बी उडून जाईन." सगळ्या हसल्या. म्हातारा हसला नाही. तो पाण्याकडे पाहत होता.

विमान खालून आलं, धानाला टेकतं की काय इतक्या खालून. लाल झेंड्यांवरून फवारा ओढत आलं. पांढऱ्या धुरासारखा तो मागं लोंबत होता. पाळीच्या अलीकडे तीन बांध्या राहिल्या असताना फवारा तुटला. विमान वर उचललं, आमच्या डोक्यावरून गेलं आणि वळलं. औषधाचा उग्र वास आला. बायांनी पदर नाकाला लावले, धोतर सोडलं नाही. असं चार वेळा झालं. त्या तीन बांध्यांचा मालक नंतर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काही चूक होतं असं मला म्हणवत नाही. त्याच्या धानाला पाठीवर पंप घेऊन हातानं औषध मारावं लागलं.

विमान गेलं तरी कोणी उठलं नाही. वाऱ्यानं थोडाफार अंश आला असेल तर दुपारी कळणार होतं. बाया घरी जाऊन स्वयंपाक उरकून परत आल्या. आम्ही पाळीवर बसून पाणी पाहत राहिलो. मला वाटतं, एवढा वेळ मी माझ्या मुलांच्या निकालाचीही कधी वाट पाहिली नाही. मध्येच एक पांढरं काही तरंगताना दिसलं. सगळे उभे राहिले. ते बगळ्याचं पीस निघालं.

ऊन कललं तेव्हा म्हातारा गुडघाभर पाण्यात उतरला. कमरेच्या पिशवीतून कोंडा काढला आणि मुठीनं पाण्यावर फेकला. कोंडा पसरला. काही झालं नाही. त्यानं दुसरी मूठ फेकली. मग त्या जागेचं पाणी बारीक बारीक हलायला लागलं, भाताच्या आधणासारखं. म्हाताऱ्यानं तिसरी मूठ फेकली नाही, पिशवीत परत ठेवली. "उद्याले पाह्यजे," तो म्हणाला आणि बाहेर आला.

दुसऱ्या सकाळी साहेबांनी सातव्या ओळीचं पुन्हा तेच केलं. सूचना कधीपर्यंतची, असं म्हाताऱ्याला विचारलं. "मासा मोठा होतवरी," तो म्हणाला. साहेबांना तारीख हवी होती. खूप विचार करून म्हाताऱ्यानं सांगितलं, "होळीवरी." मी 'कृपया' पुसलं आणि तसं लिहिलं. गावाचं नाव, पाळ उगवतीला, सांडवा चुलबंदकडे, होळीपर्यंत. साहेबांनी ती तारांच्या ओळीइतक्याच गंभीरपणे वाचली आणि पुढं खूण केली. ती सातही ओळींत सगळ्यांत लांब ओळ होती, आणि अक्षर काही खास नव्हतं.

पण हे दुसऱ्या दिवशीचं झालं. तलावावरून त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा मी अंगणात बसून बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. साहेब माझ्यावर कसे विसंबून असतात, फळा कसा महत्त्वाचा असतो, मी सायकल कशी हाणली. नकाशावरच्या बोटाचा भाग मी जरा घाईनं उरकला. ती तांदूळ निवडत होती. 

"म्हंजे तलाव म्हाताऱ्यानं सांगतला," ती म्हणाली, "इमान साहेबानं वळवलं, धोतर बायायनं धरलं. मंग तुमी काय केलं जी?"

मी विचार करून म्हटलं, "धोतर मी दिलं ना."

तिनं सूप खाली ठेवलं. "ते माह्या बाबानं देलं होतं."